वीस मिनिटं थांबा

खोटं वाटलं तर वाटू दे. माझी आई आहे, आमचे मेकॅनिक आहेत आणि माझी वही आहे. तिघांनाही विचारून या.

आणि आधीच सांगतो, यात रात्र नाही, पडका बंगला नाही. हे घडलं मंगळवारी, भर दुपारी दोनच्या उन्हात. गावाबाहेरच्या रस्त्यावर आधी बंद पडलेला पुठ्ठ्याचा कारखाना लागतो, पुढे पाण्याची उंच टाकी. त्या दोघांमधला दीड किलोमीटर. एवढीच जागा.

गाडी बाबांची. एकोणीस वर्षांची. मागच्या वर्षी बाबा गेले आणि ती माझ्या गळ्यात पडली.

मी छापखान्यात मशीन दुरुस्त करतो. बावीस वर्षं तेच करतोय. मशीन बंद पडलं की त्याला काहीतरी कारण असतंच, असं मी नव्या लोकांना शिकवतो. पण या गाडीने मला अक्षरशः रडवलं हो!

रोग असा...

घरापासून मस्त चालायची. कारखान्याचं फाटक मागे गेलं की तापमानाचा काटा वर सरकायला लागायचा. एसीतून गरम हवा. रेडिएटरचा पंखा मुका. मग दोन आचके...

आणि बंद.

किल्ली फिरवून बोट दुखायचं, पण गाडी ढिम्म. मग काही वेळाने आपोआप चालू! जणू काही झालंच नव्हतं.

मेकॅनिककडे नेली की तिथे गुणी बाळासारखी तासभर चालायची. पंखा वेळेवर फिरायचा, काटा निम्म्यावर. या मेकॅनिकना सगळे मामाच म्हणतात. मामा माझ्याकडे असे बघायचे, जणू बिघाड गाडीत नसून माझ्यातच आहे.

"चालवतोस कशी रे तू?"

"हातापायानेच चालवतो मामा, जिभेने नाही!"

चिडायला कारण होतं. आईचं डायलिसिस. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दुपारी अडीच वाजता. उशीर झाला की तिची खुर्ची पुढच्या पेशंटला देतात. हॉस्पिटलला जायला दुसरा रस्ता नाही, आणि भाड्याची गाडी आमच्या बाजूला यायलाच तयार नसते. म्हणजे सगळी मदार या खटाऱ्यावर.

मी छापखान्याच्या पद्धतीने कामाला लागलो. एका वेळी एकच भाग बदलायचा आणि वहीत लिहायचं. थर्मोस्टॅट बदलला. रेडिएटरचं झाकण बदललं. पंख्याचा रिले, मग गरम झाल्यावर दगा देणारा इंजिनाचा सेन्सर, मग पेट्रोलचा पंप. दर वेळी चार दिवस बरे जायचे, की ये रे माझ्या मागल्या!

"अहो, विकून टाका ना एकदाची," बायको म्हणाली.

"कोणाला विकू? माझं एवढं वैर नाहीये कोणाशी."

एका शनिवारी खुर्ची हुकलीच. त्या दिवशी आईचे पाय सुजले. झोपता येईना, बसूनच धाप लागायची. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "मंगळवार चुकवू नका. चुकला तर आमच्या हातात फार काही राहणार नाही."

सोमवारी मी मामांपुढे वही आपटली. "आता तुम्हीच बघा!"

मामांनी चष्मा लावला. पानं उलटली. मग परत पहिल्या पानावर आले...

"हे बघितलंस का?"

बंद एक एक्कावन्न, चालू दोन अकरा. बंद दोन चार, चालू दोन चोवीस. अकरा नोंदी होत्या. ऊन असो, ढग असोत, दर वेळी वीस मिनिटं. मीच लिहिलेलं आणि मलाच दिसलं नव्हतं.

"इंजिन घड्याळ बघून थंड होतं का रे?" मामा म्हणाले. "आणि पहिल्यांदा कधी बंद पडली ते कुठंय? पहिल्या नोंदीच्या वर जागा सोडलीयस, वही दुसऱ्या वेळेपासून सुरू झाल्यासारखी वाटते."

"आठवत नाही."

मी खोटं बोललो. मला चांगलं आठवत होतं.

मंगळवारी लवकर निघायचं होतं, पण आईला गाडीत बसवण्यातच वेळ गेला. आई शेजारी, मान मागे टाकून. श्वास घेताना तिच्या छातीत शिट्टी वाजत होती. फाटक गेलं. काटा निम्म्यावर... मी मनातल्या मनात गाडीला गोंजारायला लागलो. आज नको. शनिवारी काय ते कर, पण आज नको.

काटा हलला.

पंखा गप्प.

दोन आचके.

दोन वाजून दोन मिनिटं झाली होती.

मी खाली उतरलो आणि टायरला लाथ घातली. एक नाही, चार घातल्या. तोंडाला येईल ते बोललो. बोनेट उघडलं, वायरी हलवल्या, बोनेट आपटून लावलं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. हॉस्पिटलला फोन लावला, तर ॲम्ब्युलन्सला पाऊण तास लागेल म्हणाले. हात टेकले आणि आत येऊन बसलो.

इंजिन टिक... टिक वाजत होतं. तापलेलं लोखंड निवताना वाजतंच. त्यात काही नाही.

"चिडू नकोस," आई म्हणाली. तिला एकेक शब्द जड जात होता. "ते टकटक करतील. मग निघू."

"कोण?"

आईने डोळेसुद्धा उघडले नाहीत. "दर वेळी करतात की. तू फोनमध्ये डोकं घालून बसलेला असतोस."

मी हातातला फोन खाली ठेवला.

बाबांचा एक नियम होता. गाडी कुठलीही असो, तापली की वीस मिनिटं हात लावायचा नाही. आम्ही लहानपणी, तेव्हाच्या जुन्या गाडीत, घामाघूम होऊन मागे बसायचो. वीस मिनिटं झाली की बाबा बोटातल्या अंगठीने बोनेटवर दोनदा वाजवायचे. टक... टक. "चला, झाली हिची विश्रांती." मेले तरी नियम मोडायचे नाहीत.

आणि आता तेही सांगतो, जे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

मागच्या वर्षी याच रस्त्यावर बाबांची गाडी बंद पडली. त्यांनी मला फोन केला होता. "पंखा फिरत नाहीये. मला जरा कसंतरी होतंय रे, येतोस का?" छापखान्यात मशीन अडकलं होतं, साहेब डोक्यावर उभे होते. गाडी विका म्हणून मी वर्षभर बाबांच्या मागे लागलो होतो, तो राग होताच. मी म्हणालो, "तुमचाच नियम ना? वीस मिनिटं थांबा. होईल चालू."

बाबा म्हणाले, "बरं."

एका टँकरवाल्याला ते दिसले, तेव्हा संपलं होतं सगळं. बोनेट उघडं, बाबा सीटवर. घरी मी सांगितलं, मला फोन आलाच नाही, रेंज नव्हती. सगळ्यांनी मानलं. नंतर मूग गिळून गप्प बसायची सवयच झाली.

दोन वाजून सहा मिनिटं. आईचे ओठ निळसर दिसायला लागले. अजून सोळा मिनिटं... तेवढा वेळ तिच्याकडे नव्हता.

मी फुटलो. स्टिअरिंगवर डोकं ठेवून बोललो. तिला सांगत होतो की आणखी कोणाला, माहीत नाही. "बाबांचा फोन आला होता गं. मी उचलला होता. ते बोलवत होते आणि मीच त्यांना थांबा म्हणालो. माझं चुकलं. मला शिक्षा करा, पण हिला जाऊ द्या."

आईचा हात माझ्या पाठीवर आला. गार होता.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "त्यांच्या फोनमध्ये शेवटचा नंबर तुझाच होता. दीड मिनिट बोलणं झालेलं. तू कधी सांगतोस, याचीच वाट बघत होते."

मला वर बघवेना.

इंजिनाची टिकटिक थांबली होती. बाहेर वारासुद्धा नव्हता...

टक.

...टक.

बोनेटवर. माझ्या डोळ्यांसमोरच्या पत्र्यावर. समोर कोणीही नव्हतं.

"चला म्हणतायत," आई म्हणाली.

मी किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात चालू! पंखा भर्रकन सुटला. घड्याळात दोन आठ झाले होते. अडीचला पाच मिनिटं कमी असताना आई तिच्या खुर्चीवर होती. संध्याकाळी तिने मागून घेऊन चहा प्यायला.

दुसऱ्या दिवशी गाडी मामांकडे नेली. मामा बोनेटमध्ये वाकले. मग एक जाड वायर त्यांनी दोन बोटांत धरून वर उचलली. इंजिन आणि बॉडीला जोडणारी अर्थिंगची वायर. तुटलेली. दोन्ही टोकं हिरवी पडून गंजलेली.

"ही तर मी तीनदा ओढून बघितली होती. घट्ट होती," मामा पुटपुटले. "हे तुटणं कालचं नाही. वर्ष तरी झालं असेल."

"मग यानेच बंद पडत होती?"

"बंद पडायचं सोड! या वायरीशिवाय स्टार्टर फिरत नाही. पंखा लागत नाही. तू गाडी इथपर्यंत आणलीस कशी?"



नवीन वायर टाकून सहा महिने झाले. गाडी एकदाही बंद पडलेली नाही. पण त्या दीड किलोमीटरमध्ये मी अजूनही थांबत नाही. आईला पाणी प्यायचं असलं तरी म्हणतो, टाकीच्या पुढे गेल्यावर पी. ती मला हसते. तिला भीती वाटत नाही, मला वाटते. खरं सांगतो, फाटक आलं की माझे तळहात ओले होतात.

मामांच्या सांगण्यावरून वही पूर्ण केली. पहिल्या पानाच्या वर थोडी जागा होती, तिथे राहिलेली नोंद लिहिली. मागच्या वर्षीची तारीख. बंद, एक पन्नास.

'चालू'चा रकाना रिकामाच आहे.