मधली तीनशे छत्तीस चित्रे

दिनांक २३ एप्रिल १९६१, रविवार. दुपारी तीन वाजून दहा मिनिटे. अमरावतीतील एका कुलूपबंद खोलीत, टेबलावर तीनशे चौऱ्याऐंशी कागद.

शुक्रवारी सकाळी त्याच टेबलावर अठ्ठेचाळीस होते.

यातील एकही आकडा फुगवलेला नाही. मोजल्याशिवाय बोलण्याची मला सवय नाही. ज्याच्या बाबतीत हे घडले तो धर्मपाल, माझा सख्खा धाकटा भाऊ.

आज घरोघरी मुले दूरदर्शन संचासमोर बसून हलत्या चित्रांची विनोदी मालिका पाहतात. तेव्हा वऱ्हाडात असा संच कोणी पाहिलाही नव्हता. तरी आमच्याकडे तशी मालिका होती. नाव ‘टोणपे मास्तर’. एक तिरसट मास्तर, त्याची टोपी आणि ती टोपी खाणारी शेळी. मुख्य सिनेमाच्या मध्यंतरात पाच मिनिटे चाले. गावोगावचे लोक पोट धरून हसत.

ती दोघेच बनवत. धर्मपाल आणि त्याचा मित्र पुंजाराम.

पद्धत अशी. एका सेकंदाला बारा चित्रे, प्रत्येकाच्या फिल्मवर दोन चौकटी. धर्मपाल मुख्य चित्रे काढी, दर आठवे. मधली सात पुंजाराम भरी. खाली दिवा असलेल्या काचेवर दोन लाकडी खुंट्या. कागदाची भोके त्यांत बसवायची, टक्. खालचे चित्र पाहत वरचे काढायचे. मग पुढचा कागद, टक्.

“तू मास्तरले इथून उचलून तिथं फेकतं, लेका,” पुंजाराम चिडवी. “चालवतो तर मीच!”

“चालव ना बाप्पा. पण पाडू नको.”

छप्पन साली धर्मपालने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि स्वतः निवडलेले हे नवे नाव धारण केले. ते पहिल्यांदा सुबक अक्षरांत लिहून दाखवले पुंजारामनेच. त्याच टेबलाच्या कडेवर.

पहिल्या पाच भागांवर कोणाचेच नाव नव्हते. सहाव्या भागावर प्रथमच दोघांची नावे येणार होती. मास्तरच्या काळ्या फळ्यावर खडूची अक्षरे, एकाखाली एक. नावांची ती पाटी धर्मपालने रंगवली. तयार रीळ घेऊन पुंजाराम अकोल्याला गेला.

गुरुवारी, २० एप्रिलला, दुपारच्या खेळाला धर्मपाल आई आणि ललितासह अकोल्याच्या पत्र्याच्या टॉकीजमध्ये बसला. ललिता त्याची पत्नी. आमच्या आईला, दुर्गाबाईला, वाचता येत नसे. या दिवसासाठी ती महिनाभर बसून मुलाच्या नावाची अक्षरे तेवढी ओळखायला शिकली होती.

मध्यंतर झाले. फळा आला.

‘पुंजाराम.’

त्याखाली... काहीच नव्हते. फक्त एक पांढरा डाग थरथरत होता.

“धर्मा,” आईने अंधारात विचारले, “तुह्यं नाव कोठी हाय रे?”

मागच्या रांगेत कोणी हसले, “मास्तरनं फळाई नीट पुसला नाही!”

खेळ सुटताच धर्मपाल यंत्राच्या खोलीत गेला. फिल्म उजेडात धरली. ती पाटी पाच सेकंदांची. सेकंदाला चोवीस चौकटी, एकूण एकशे वीस. प्रत्येक चौकटीत त्याचे नाव पात्याने खरडलेले होते.

चूक एकदा होते. एकशे वीस वेळा खरडायला निश्चय लागतो.

टॉकीजचे मालक भगवंतराव पान चघळत म्हणाले, “माह्याकडं काहून पायता? तुमच्या दोस्तानंच बसून खरडलं. म्हने, हे नाव वाचून काही गावांत लोक नाक मुरडतीन, जत्रांत खेळ चालनार नाही.”

“अन् तुमी काही बोलले नाही?”

“लोक चित्र पायतात, धर्मपाल. नाव कोन वाचते?”

“माही माय वाचते.”

पुंजाराम तिथे नव्हता. ताप आला म्हणून बार्शीटाकळीला, आपल्या घरी गेला होता. ‘बरं झालं,’ धर्मपालच्या मनात आले. समोर असता तर काय घडले असते, सांगता येत नाही.

शुक्रवारी सकाळी अमरावतीला पोहोचताच त्याने खोलीचे कुलूप बदलले. एकच किल्ली. सातव्या भागाच्या पहिल्या प्रसंगाची आपली मुख्य चित्रे मोजली. अठ्ठेचाळीस. मधले एकही झालेले नव्हते. भागीदारी संपली होती. रविवारी येऊन सामान उचलायचे, एवढेच उरले होते.

रविवारी तो दाराशी आला. ऊन रणरणत होते. गल्लीत चिटपाखरू नव्हते.

कुलूप जागच्या जागी.

आतून आवाज आला...

टक्.

मग कागदाची सळसळ. मग... टक्.

त्याने कुलूप काढून दार ढकलले. आवाज थांबला.

आत कोणी नव्हते. खिडकीला आतून कडी. काचेखालचा दिवा मात्र जळत होता.

त्याने कागद मोजले. तीनशे चौऱ्याऐंशी. नवे तीनशे छत्तीस. रेघ पुंजारामची, वळणावर दाबून काढलेली. कोपऱ्यातले क्रमांकही त्याच्याच हातचे.

धर्मपालने गठ्ठा अंगठ्याखाली धरला आणि सरसर सोडला.

मास्तर चालू लागला. टोपी पडली. शेळी आली. सगळे ठरल्याप्रमाणे. पण मास्तरचा हात पहिल्या चित्रापासूनच... फळ्याकडे जात होता. हे गोष्टीत नव्हते.

त्याने लिहिले, ‘धर्मपाल.’

सात चित्रे नाव राहिले. आठव्याला पुसले गेले. पुन्हा लिहिले. पुन्हा पुसले. अठ्ठेचाळीस वेळा.

पुसणारे चित्र कोणाचे, हे त्याला लगेच कळले. दर आठवे चित्र त्याचे स्वतःचे होते. त्याने फळा कोराच काढला होता.

दारात सावली पडली. तो दचकला.

पुंजारामचा थोरला भाऊ शेषराव उभा होता. डोक्यावरचे केस उतरवलेले.

“पुंजा गेला, धर्मपालभाऊ. काल सकाळी अकरा वाजता.”

धर्मपालने हातातला गठ्ठा टेबलावर ठेवला.

“तापात एकच धोशा होता. ‘किती झाले? किती उरले?’ उजवा हात सारखा चाले. बोटं पेन्सिलीनं काळी. आमी धुतली. तं पुन्हा... काळी. सरनावर ठेवला तवाई काळीच.”

धर्मपालने विचारले, “माह्यं नाव घेतलं का त्यानं?”

शेषरावने खाली पाहिले. “खोटं काहून बोलू? एकदाई नाही.”

ती चित्रे म्हणजे क्षमायाचना होती की शेवटची थट्टा, हे धर्मपालला कधीच ठरवता आले नाही. क्षमायाचना असेल, तर तिने पुसण्याचे काम त्याच्याच हाताला का दिले? आणि थट्टा असेल, तर मरता मरता इतके कष्ट कोण घेतो?

आई म्हणाली, “काढ ते फिलिम. कसंई असो, नाव तं दिसन.”

त्याने काढले. प्रत्येक कागद खुंट्यांवर बसवून दोन-दोन चौकटी. मी शेजारी बसून मोजत होतो. फळ्यावरचे नाव कॅमेऱ्याच्या भिंगातून मला स्वतःला स्वच्छ दिसत होते. रीळ धुण्यासाठी मुंबईला पाठवले.

जूनमध्ये ते परत आले. धर्मपालने हात लावला नाही. भिंग घेऊन मीच खिडकीशी बसलो आणि एकेक चौकट तपासली. मास्तर होता. शेळी होती. खडू धरलेला हात फळ्यावर फिरत होता...

आई विचारत होती, “दिसलं का रे?”

कागद आजही माझ्या पेटीत आहेत. त्यांतील तीनशे छत्तीसांवर नाव आहे. पेटी उघडायला मला अजून आवडत नाही. कॅमेरा मी दोनदा खोलून तपासला, त्यात दोष नव्हता.

रिळातील एकूण चौकटी ७६८. धर्मपालचे नाव असलेल्या चौकटी : शून्य.