एकाच चालीच्या दोघी

डॉ. फिरोज इनामदारांच्या प्रयोगशाळेत बसायला खुर्ची नव्हती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक लांबच लांब करडी पट्टी अंथरलेली होती आणि तिच्यावरून काही माणसे आळीपाळीने चालत होती. मंजिरी दाभाडे दाराशी उभी राहून ते पाहत होती. ती भांडायला आली होती, आणि भांडायला आलेल्या माणसाला टेकायलाही जागा मिळाली नाही की राग आणखीच चढतो.

"या बाई, पट्टीवरून चालत या," इनामदार पलीकडच्या टोकाहून म्हणाले.

"मी चालायला नाही, बोलायला आलेय."

"मग चालता चालता बोला."

नाशिकच्या वेशीवर असलेल्या सह्यगिरी विद्यासंकुलात मंजिरी दहावीची पर्यवेक्षिका होती. संकुलाचे फाटक, वर्ग, ग्रंथालय, अगदी स्वच्छतागृहेसुद्धा आता कार्डावर उघडत. या कार्डाला कागदोपत्री 'चालपत्र' असे नाव होते आणि ते इनामदारांच्या डोक्यातून निघालेले होते.

"माझ्या वर्गात शर्वरी ठोंबरे म्हणून मुलगी आहे," मंजिरी पट्टीवर पाय ठेवत म्हणाली. "पावसाळ्यात स्कूटरवरून पडली. गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दिवाळीनंतर शाळेत आली, तर तुमचं फाटक तिला आत घेत नाही. कार्ड तिचं, फोटो तिचा, मुलगी तीच. आणि फाटक म्हणतं, ही ती नव्हे."

"त्याच्या दृष्टीनं बरोबरच आहे." इनामदारांनी समोरच्या पडद्याकडे बोट दाखवले. मंजिरीच्या प्रत्येक पावलासरशी तिथे एक निळी रेघ वरखाली होत पुढे सरकत होती. "ही तुमची चालमुद्रा. टाच किती जोरात टेकता, कंबर किती हलते, कोणत्या पायावर जरा जास्त रेंगाळता. साधं कार्ड कुणाच्याही गळ्यात अडकवता येतं. मुलं ती एकमेकांना देतात, हरवतात. म्हणून आम्ही कार्डात चाल ओळखणारा संवेदक बसवला. फाटकासमोरच्या दहा-बारा पावलांत कार्ड ठरवतं, की मला घेऊन येणारा माणूस माझाच आहे का. चोरलेलं कार्ड चोराच्या चालीनं चालतं, त्यामुळे ते निरुपयोगी ठरतं."

"आणि मुलं वाढतात त्याचं काय? सहावीतला मुलगा दहावीत तसाच चालतो का?"

"चांगला प्रश्न विचारलात. कार्ड रोज शिकतं. काल ज्या चालीला दार उघडलं, तिच्याशी आजची चाल ताडून बघतं. थोडा फरक असला तर मान्य करतं आणि आजची चाल लक्षात ठेवतं. उद्या त्यावरून पुढे. मूल वाढतं, कार्ड त्याच्यामागून जातं. पण एकदम मोठा फरक पडला, तर तो माणूस दुसरा."

"ती दुसरी नाहीये. तिचा गुडघा मोडलाय."

"कार्डाला गुडघा कळत नाही, बाई."

"मग तिला नवं कार्ड द्या."

"नवी चालमुद्रा तयार व्हायला तीन आठवडे लागतात, आणि ते चालणं संकुलाच्या आतलंच लागतं. बाहेर चाललेलं कुणाचं आहे, याची खात्री कोण देणार?"

"पण आत जायला कार्ड लागतं."

"हो."

पट्टी संपली होती.

"एखाद्या माणसाच्या हातात चावी का नाही ठेवली तुम्ही?" मंजिरीने शेवटी विचारले.

इनामदारांचा आवाज खाली आला. "एका शाळेत होती. रखवालदाराच्या ओळखीचा माणूस आला, भाचीला न्यायला आलोय म्हणाला. रखवालदारानं दार उघडलं. ती मुलगी आठ दिवसांनी सापडली, आणि त्यानंतर ती कुणाशी बोलली नाही. माणसाला चावी दिली की सगळी सुरक्षा त्याच्या भिडस्तपणाइतकीच उरते, बाई. म्हणून मी चावीच ठेवली नाही. दोन नियम ठेवले. आपल्या चालीशिवाय आत यायचं नाही, आणि एक चाल एका वेळी एकदाच आत. दोन कार्डं घेऊन कुणी दोन माणसं बनू नये म्हणून."

मंजिरीला त्यांच्यावर धड रागावताही येईना. ती तशीच परत फिरली.

शर्वरीचे दिवस आता पाहुण्यांच्या खोलीत जात होते. रोज सकाळी ती एका हातात काठी धरून फाटकाकडे चालत येई, दिवा लाल होई आणि एक गोड बाईचा आवाज म्हणे, "कृपया आपले स्वतःचे कार्ड वापरा." मग तिला पाहुण्याचे पिवळे कार्ड मिळे. त्यावर फक्त कार्यालयाशेजारची खोली उघडे. तिथल्या सोफ्यावर बसून ती फोनवर आपल्याच वर्गाचे तास पाही. स्वच्छतागृहात जायचे तर कुणाला तरी हाक मारावी लागे. वर्ग भिंतीपलीकडे होता आणि मुले हसली की तो आवाज तिला आधी भिंतीतून ऐकू येई, मग फोनमधून.

"बाई, मला रोज नवीन पाहुणी म्हणून लिहून घेतात," एकदा ती म्हणाली. "'कुणाला भेटायचंय' म्हणून विचारतात. काल मी सांगितलं, मलाच."

ती हे हसत म्हणाली आणि लगेच फोनवरच्या वर्गाकडे वळली.

पूर्वपरीक्षा जवळ आली होती. पाहुण्यांचे कार्ड परीक्षागृहात चालत नसे, आणि पूर्वपरीक्षा न देणाऱ्याला बोर्डाला बसवायचे नाही हा संस्थेचा जुना दंडक होता. मंजिरी अध्यक्ष शेलारांकडे तीनदा गेली. पहिल्यांदा त्यांनी चहा पाजला. दुसऱ्यांदा सहानुभूती दाखवली. तिसऱ्यांदा तिने विचारले, की तिची परीक्षा फाटकाबाहेरच्या झाडाखाली घेतली तर?

"संकुलाबाहेर काही झालं तर जबाबदार कोण?" शेलार म्हणाले. "एक वर्ष गेलं म्हणून आयुष्य जात नाही, दाभाडे बाई. पुढच्या वर्षी बसेल."

मंजिरी त्यांच्या दालनातून बाहेर पडली तेव्हा तिचे कान तापले होते. व्हरांड्यात तिला समोर शर्वरी चालताना दिसली. काठीशिवाय, सरळ, पूर्वीसारखी, उजवा खांदा किंचित पुढे काढून. मंजिरीने हाक मारली. मुलगी वळली. ती जुई मोकाशी होती.

जुई आणि शर्वरी बालवर्गापासून एकत्र शाळेत येत. इतकी वर्षे शेजारी शेजारी चालून दोघींची पावले एका तालात पडू लागली होती. मंजिरी तिच्याकडे बघतच राहिली. काल ज्या चालीला दार उघडलं, तिच्याशी आजची चाल ताडून बघतं, असे इनामदार म्हणाले होते.

मधल्या सुटीत तिने जुईला फाटकाबाहेर बोलावले, तिचे कार्ड स्वतःकडे घेतले आणि शर्वरीचे कार्ड तिच्या गळ्यात घातले.

"जा. नेहमीसारखी चाल."

दिवा हिरवा झाला. "स्वागत आहे, शर्वरी," आवाज म्हणाला.

आपण काय करतो आहोत हे मंजिरीला पुरते कळत होते. ज्या कार्डापायी एक मुलगी पंधरा दिवस सोफ्यावर बसली होती, ते दुसऱ्याच मुलीच्या गळ्यात बिनतक्रार चालले होते. पण तिने विचार तिथेच थांबवला. परीक्षा महिन्यावर आली होती.

त्या संध्याकाळपासून तिघी नदीकाठच्या बागेत जमू लागल्या. पुढे शर्वरी तिच्या दुखऱ्या पायाने चाले, मागून जुई तिचे पाहून पाऊल टाकी. रोज किंचित जास्त. डावा गुडघा थोडा कमी वाकवायचा, टाच थोडी उशिरा टेकवायची. मग दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत जुई बाहेर येई, स्वतःचे कार्ड बाईंच्या हाती देई आणि शर्वरीचे घालून तेवढीच लंगडत आत जाऊन येई. कार्ड तेवढा फरक गिळे आणि लक्षात ठेवी. एकदा जुईने घाई केली. लागलीच लाल दिवा लागला. त्यानंतर दोन दिवस कुणाला नीट जेवण गेले नाही. मग पुन्हा हळूहळू.

"जुई, तुला कंटाळा नाही ना येत?" मंजिरीने विचारले.

"नाही बाई. उलट आता सरळ चाललं की विचित्र वाटतं," जुई म्हणाली. मंजिरीने ते ऐकले आणि सोडून दिले.

पूर्वपरीक्षेच्या सकाळी शर्वरीने काठी घरीच ठेवली. आपले कार्ड गळ्यात घालून ती फाटकाकडे लंगडत निघाली. मागे सगळा वर्ग श्वास रोखून उभा होता.

दिवा हिरवा झाला. "सुप्रभात, शर्वरी."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. शर्वरी आत जाऊन वळली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडू लागली. मंजिरीने एकेका मुलाला आत सोडायला सुरुवात केली. जुई शेवटी आली.

दिवा लाल झाला. "आपण आधीच आत आहात," आवाज म्हणाला.

जुई गोंधळून मागे सरली, पुन्हा चालत आली.

"आपण आधीच आत आहात."

"मी कुठे आत आहे?" जुईने मंजिरीला विचारले.

मंजिरीने इनामदारांना फोन लावला आणि पहिल्यापासून सगळे सांगितले. पलीकडून बराच वेळ फक्त कळा दाबल्याचा आवाज येत राहिला.

"बाई," शेवटी ते म्हणाले, "तुमची जुई महिनाभर लंगडायची सवय करत होती. ती सवय तिच्या स्वतःच्या चालीत उतरली. रोज थोडीशी. तिच्या कार्डानं तो बदल मानला, कारण तसंच शिकवलं होतं मी त्याला. माझ्यासमोर आता दोघींच्या रेघा आहेत. पूर्वी त्यांत केसाएवढा का होईना फरक असायचा, आता एकीवर एक बसतात. फाटकाच्या मते तुमच्याकडे एकच मुलगी आहे आणि ती आत गेलीय."

"आता काय करायचं?"

"ती बाहेर आली की ही आत जाईल."

"जुई, आठवून सरळ चाल," मंजिरी म्हणाली. जुई दात आवळून, मान ताठ करून सरळ चालत आली.

"कृपया आपले स्वतःचे कार्ड वापरा."

तिच्या कार्डाने तिची जुनी चाल केव्हाच सोडून दिली होती.

"डॉक्टर," मंजिरी फोनमध्ये म्हणाली, "हे जर दोन मुली करू शकतात, तर..."

"कुणीही करू शकतं. फक्त आपल्यासारखं चालणारं कुणीतरी आणि थोडी सवड पाहिजे." त्यांचा आवाज एकदम थकला होता. "कार्ड शिकलं नाही तर वाढणारी मुलं बाहेर राहतात. शिकलं तर त्याला बोट धरून कुठेही नेता येतं. यातून मधली वाट सापडत नाही, बाई. मी आत्ता तीच शोधतोय."

फाटकाच्या आतून शर्वरी परत फिरली होती. फोन स्पीकरवर होता, म्हणून तिला सगळे ऐकू आले होते. डोळे पुसून ती बाहेरच्या बाजूला येऊ लागली.

"कुठे निघालीस?" मंजिरीने विचारले.

"मी बाहेर आले की जुई आत जाईल. तिचा पेपर बुडायला नको, बाई. मला सवय आहे आता."

इतके दिवस मंजिरी चहा, सहानुभूती, नियम, अर्ज, विनंत्या यांच्यामागे धावली होती. ती चिडली होती, पण दर वेळी फाटकाला पटेल असेच काहीतरी शोधत राहिली होती. 'मला सवय आहे' हे सोळा वर्षांच्या मुलीच्या तोंडून ऐकले आणि तिला स्वतःचीच चीड आली.

"ये बाहेर," ती म्हणाली. "पण जुई आत जाणार नाही. दहावीचे सगळे, पॅड घेऊन बाहेर या. बाहेर पडायला चाल लागत नाही."

मुले एकेक करून बाहेर आली. मंजिरीने आत जाऊन प्रश्नपत्रिकांचे पाकीट आणले. रस्त्यापलीकडे शिरीषाच्या झाडांची रांग होती. तिने मुलांना हात हात अंतर सोडून मातीत बसवले. शर्वरीला पाय लांब करता यावा म्हणून झाडाच्या बुंध्याशी बसवले आणि भूमितीचा पेपर वाटला. रस्त्यावरून जाणाऱ्या दुचाक्या हळू होत. एका भाजीवाल्याने हाळी देणे थांबवले आणि गाडी हाताने ढकलत पुढे नेली.

शेलार धापा टाकत आले. "दाभाडे बाई, हे काय चाललंय?"

"पूर्वपरीक्षा."

"संकुलाबाहेर? जबाबदार कोण?"

"मी," मंजिरी म्हणाली. "सर, जरा हळू बोला. मुलं लिहितायत."

शेलार संस्थेच्या बैठकीबद्दल काहीतरी पुटपुटत निघून गेले. तिच्यावर कारवाई होणार हे नक्की होते. आश्चर्य म्हणजे तिला त्याची भीती वाटली नाही.

पेपर सुटला तेव्हा इनामदार रस्त्याकडेच्या कठड्यावर बसलेले दिसले. ते कधी आले ते कुणालाच कळले नव्हते. मंजिरी उत्तरपत्रिका छातीशी धरून त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मुले पांगत होती. दोघी मैत्रिणी घराकडे निघाल्या होत्या, गणवेश सारखा, वेण्या सारख्या, दोघींचाही डावा पाय एकाच वेळी अडखळत पुढे पडत होता.

"अठरा वर्षं मी माणसांच्या चाली बघतोय," इनामदार म्हणाले. "पण मला सांगता येत नाही. यातली तुमची शर्वरी कोणती?"

मंजिरीने डोळे बारीक करून पाहिले. पाठमोऱ्या त्या दोघींत तिलाही फरक सापडेना.

तिने हाक मारली. "शर्वरी."

दोघी थांबल्या, दोघी वळल्या. पण "काय बाई?" असे विचारले एकीनेच.