विजेच्या कासवाची तुटकी तार

"पळा! कासव सुटलं!"

रुप्याची ही आरोळी सिव्हिल लाइन्समधून निघाली आणि म्हणे सीताबर्डीवर भाजी घेणाऱ्या बायकांनीही ऐकली. बंगल्यातल्या कडुनिंबावरचे सगळे पोपट एकदम उडाले. व्हरांड्यात बसलेल्या नीलाच्या आजोबांनी, म्हणजे नानाजींनी, तोंडातलं पान चावायचं सोडून गिळून टाकलं.

नीला अनवाणीच धावली. परातीएवढं, नारिंगी रंगाचं, चार चाकांचं ते यंत्र हिरवळ सोडून मेंदीच्या कुंपणातल्या फटीतून शेजारच्या अंगणात शिरलं होतं. तिथे रंभाबाईंच्या तीन दिवसांच्या कुरडया धोतरावर वाळत घातलेल्या!

घर्रर्र! कुरडयांच्या लाह्या उडाल्या. धोतराच्या चिंध्या उडाल्या. शेजारच्या कोंबड्या धावत आल्या आणि त्यांनी तो भुगा इतका खाल्ला, की पुढे आठ दिवस त्यांनी दाण्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

"अवं नीले!" रंभाबाई झाडू घेऊन बाहेर आल्या. "तुया काकानं अमेरिकेतून हे कोन्तं जनावर आनलं वं? माह्या कुरडयांचा पार भुगा केला ना!"

रुप्याने लांब बांबू घातला आणि यंत्र उलटं केलं. ते उताणं पडून चाकं फिरवत राहिलं, अगदी खऱ्या कासवासारखं!

"कासव म्हटलं ना मी!" रुप्या म्हणाला. "माझं कोणी ऐकते काय?"

हा रुप्या म्हणजे नीलाचा आतेभाऊ. शहरातल्या महाल भागातून सुट्टीला आलेला, वय अकरा, तोंड मात्र तीन माणसांचं. नीला त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. तिसरी सत्ती, म्हणजे सत्यवती. ती बंगल्याच्या माळ्याची, धोंडबाची नात. बोलायची कमी, पण बोलली की बाण!

आता हे कासव आलं कुठून? नीलाचे काका गोपाळराव दोन वर्षं अमेरिकेत राहून बहात्तरच्या जानेवारीत परतले. इतर लोक येताना घड्याळं आणतात, काकांनी लाकडी पेटी आणली. पेटीतून हे निघालं. "आपोआप गवत कापतं!" काका म्हणाले. "चालवायला माणूस नको, ओढायला बैल नको!"

शेवटचं वाक्य त्यांनी बैलाच्या समोरच म्हटलं.

नानाजींची हिरवळ चांगली दीड एकर. ती कापायचं जुनं यंत्र ओढायचा साहेबराव. पांढराशुभ्र, रुंद कपाळाचा बैल. मागून दोरी धरून धोंडबा. बैलाच्या खुरांनी हिरवळीत खड्डे पडू नयेत म्हणून साहेबरावाच्या चारही पायांत चामड्याचे बूट असायचे! खोटं वाटेल, पण महालातल्या चांभाराने माप घेतलं तेव्हा तो म्हणाला होता, "नवरदेवाचे असतील, तर थोडे चकचकीत करून देतो." बारा वर्षं ही जोडी हिरवळीवर फिरत होती. नीला चालायला शिकली ती साहेबरावाची शेपटी धरून. निदान धोंडबा तरी तसं सांगायचा.

काकांनी हिरवळीच्या कडेने चार बोटं खोल एक तार पुरली. व्हरांड्यातल्या डबीतून तिच्यात बारीकशी वीज सोडली. कासव तारेजवळ आलं की त्याला ती कळायची आणि ते मागे वळायचं. काकांचा हुकूम एकच होता. "तारेला पाण्याचा थेंब लागता कामा नये! कडेचा हातभर पट्टा कोरडा ठेवा!"

होळीपर्यंत कासव गुणी बाळासारखं वागलं. काकांनी उमरेडकडच्या नत्थूजी नावाच्या शेतकऱ्याशी बोलून बैल द्यायचं ठरवूनही टाकलं. मे महिन्यात मात्र कासवाचं डोकं फिरलं. आधी मोगरा कापला, मग नानाजींच्या छत्रीचा दांडा आणि आता कुरडया!

काकांनी डबी तपासली. "तार तुटली आहे. तिसऱ्यांदा! दरवेळी नव्या जागी!" त्यांनी मान वर केली. "ही आपोआप तुटत नाही, नानाजी. कुणीतरी तोडतं आहे. यंत्र चाललं की बैल जाणार, हे कुणाला सलतंय ते सांगायला हवं का?"

सगळ्यांच्या नजरा धोंडबाकडे वळल्या. तो पाण्याचा पाइप हातात धरून उभा होता.

"म्या नाई कापली, मालक," तो म्हणाला. बस्स, एवढंच.

नानाजी वनखात्यातून निवृत्त झालेले, कडक शिस्तीचे. ते व्हरांड्याच्या कडेपर्यंत आले. मग म्हणाले, "धोंडबा, असंच चाललं तर हे यंत्र पेटीत जाईल आणि बैल राहील. दोरी दुसरा कोणीतरी धरेल. कारण खोटं वागणारा माणूस माझ्या अंगणात राहणार नाही. रविवारपर्यंत खरं काय ते सांग."

धोंडबाने पाइप खाली ठेवला आणि तो बैलाच्या कोठ्याकडे निघून गेला. पाणी तसंच वाहत राहिलं. सत्तीने जाऊन नळ बंद केला.

"खरा चोर आपण पकडू!" नीला म्हणाली.

"अन् त्याले कासवावर बसवून पूर्ण नागपूर फिरवू!" रुप्याने भर टाकली. सत्तीच्या संगतीत त्याची भाषा लगेच बदलायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी बंगला वाळ्याच्या ताट्यांआड झोपला आणि तिघांनी निंबाखाली पहारा मांडला. ऊन असं, की फाटकावर बसलेला कावळा एका पायावर उभा राहून दुसरा गार करत होता! बारा वाजले, दोन वाजले. एक मुंगूस येऊन गेलं. माणूस एकही फिरकला नाही. कंटाळून रुप्याने खिशातले कंचे, म्हणजे काचेच्या गोट्या, काढले.

चारला काका उठले आणि त्यांनी कासव सुरू केलं. सकाळीच जोडलेली तार! कासव सरळ कडेपर्यंत आलं... आणि थांबलंच नाही. तार ओलांडून थेट तिघांच्या अंगावर!

"अबे, माझे कंचे!" रुप्या ओरडला. नीलाने बांबूने कासव उलटं केलं, तोवर एक निळा कंचा घरंगळत पिवळ्या गवतात गेला आणि दिसेनासा झाला.

"कुठं गेला?" रुप्या गवत चाचपू लागला. "अगं, इथे भोक आहे! माझा हात कोपरापर्यंत गेला!"

नीलाने वाळलेलं गवत बाजूला केलं. भोक नव्हतं, भेग होती! काळ्या मातीची रुंद, वाकडीतिकडी भेग. आणि रुप्याच्या बोटांत कंच्याऐवजी तारेचं टोक आलं.

सत्तीने ते टोक उन्हात धरलं. "हे कापलेलं नाई."

"तुला काय माहीत?"

"कापलेलं टोक चपटं राहते. हे पाह्य ना, सुईवानी निमुळतं झालं. ओढून तुटलं हे."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग नीलाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नागपूरची काळी माती! उन्हाळ्यात वाळली की ती फाटते. मधल्या हिरवळीला पाणी मिळतं, म्हणून ती शाबूत. कडेला मात्र पाणी द्यायचं नाही, असा हुकूम! माती फाटत गेली आणि तिच्यात अडकलेली तार दोन्हीकडून ताणत गेली.

"तार काकांनीच तोडली!" नीला ओरडली. "पाणी बंद करून!"

रुप्याने आनंदाने कोलांटी मारली. मग उठून बसला, आणि त्याचा चेहरा उतरला. "थांब नीला. हे सांगितलं तर काका तार नीट करतील. मग कासव चालेल. मग साहेबराव..."

सत्तीने तारेचं टोक गवतावर ठेवलं.

"आपण चूप बसू!" रुप्या घाईने म्हणाला. "तुटू दे ना तार! कासव पेटीत, साहेबराव कोठ्यात!"

"अन् माया आबा?" सत्ती म्हणाली.

"पण..."

"माया आबा चोर राहते मंग." ती रडत नव्हती, म्हणून ऐकणं अधिक कठीण होतं. "मले का साहेबराव नकोसा झाला? मी त्याच्या कोठ्यातच लहानाची मोठी झाली. पण आबा कालपासून जेवला नाई."

नीला उठून कोठ्यात गेली. साहेबराव रवंथ करत उभा होता. तिने हात पुढे केला, तसं त्याने आपलं ओलं नाक तिच्या तळव्यात ठेवलं. त्याला वाटलं गूळ असेल. तळवा रिकामा होता. तरी त्याने नाक काढलं नाही.

ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. ती सरळ व्हरांड्यात गेली.

"भेगा? मातीला?" काका हसले. "नीला, ही तार अमेरिकेची आहे!"

"माती नागपूरची आहे, काका!"

नानाजी खाकरले. त्यांना बहुधा हसू आलं होतं.

"दोन दिवस द्या," नीला म्हणाली. "धोंडबा नानाजींच्या डोळ्यांसमोर व्हरांड्यात बसेल. भेगेच्या दोन बाजूंना मी दोन खिळे ठोकते आणि त्यांना शिवणाचा दोरा ताठ बांधते. राखण तुम्हीच करा. कुणी हात न लावता दोरा तुटला तर?"

"तर मी मिशी उतरवीन!"

मग काय! छत्री, आरामखुर्ची आणि लिंबाचं सरबत घेऊन काका भेगेशी ठाण मांडून बसले. ते दोन दिवस ऊन असं पडलं, की सरबत ओठांपर्यंत येईतो चहा होत होतं! छत्रीच्या काड्यांवर म्हणे पापड भाजता आले असते. धोंडबा व्हरांड्यात खांबाला टेकून बसून होता. नानाजींकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता...

टक्!

दोरा तुटला. काका खुर्चीतून असे उडाले की छत्री निंबावर जाऊन बसली. त्यांनी भेगेत हात घातला, तारेचं टोक ओढून काढलं आणि कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. सुईसारखं निमुळतं टोक.

नानाजी उठले. "धोंडबा, माती फाटते हे तुला माहीत होतं?"

"मातीचं माहीत होतं, मालक. तारेचं नाई." धोंडबा हळूच म्हणाला. "मले कोनी इचारलंच नाई. पानी देऊ नको म्हटलं, म्या नाई देलं."

नानाजींनी हात जोडले. या माणसाने वाघासमोरही मान खाली घातली नव्हती, असं लोक सांगत. त्या दिवशी घातली. "मी तुझ्यावर संशय घेतला. माझं चुकलं."

"ऱ्हाऊ द्या, मालक."

पण तार आता नीट बसवायची कशी, हे काकांना काही उमगेना. ते धोंडबानेच सांगितलं. "ताठ नोका पुरू. सापावानी वळन देत टाका, म्हंजे माती ओढते तेव्हा तारेले जागा राहते. अन् कडेले रोज पानी द्या." मग तोच गुडघ्यांवर बसला आणि सगळी तार त्याने आपल्या हातांनी पुरली. दीड एकराच्या भोवती! जी तार त्याच्या बैलाला घालवणार होती, तिच्यात त्याने एक वीतही कसर ठेवली नाही. सत्ती मागून माती दाबत होती. नीलाला ते बघवेना.

कासव त्या दिवशी एकदाही चुकलं नाही.

रविवारी काका मिशी उतरवून आले. ते इतके वेगळे दिसत होते, की रंभाबाईंनी विचारलं, "हे पाव्हणे कोन वं?" सगळे हसले. काकांनी धोंडबासमोर कान पकडले. नानाजींनी तिन्ही मुलांना जवळ बोलावलं. "चाळीस वर्षं जंगलात चोर पकडले मी, पण पायाखालची माती पाहिली नाही. ती तुम्ही पाहिलीत. शाबास! नीला, माग काय हवं ते. देईन."

नीलाला काय हवं होतं हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तिने तोंड उघडलं.

"नोको मागू, नीलाबाई," धोंडबा म्हणाला. "बिनकामाचं जनावर खुट्याले बांधल्या जागी मरते. नत्थूजीकडं त्याले काम भेटल, संगतीले दुसरा बैल भेटल. आपल्यासाठी त्याले अडवू नोको."

नीलाने कोठ्याकडे पाहिलं.

"मग ट्रकमधून नको पाठवायचा," ती म्हणाली. "धोंडबाच त्याला चालवत नेईल. आणि त्याला तिथे करमेपर्यंत तिथेच राहील."

"पाहिजे तितके दिवस," नानाजी म्हणाले. "शाबास, पोरी."

शाबास! हा शब्द ऐकायला नीला दरवर्षी परीक्षेसाठी जीव तोडून अभ्यास करायची. त्या दिवशी तो तिला कुठे ठेवावा कळेना.

सोमवारी सकाळी ऊन चढायच्या आत धोंडबा निघाला. तिघं फाटकाशी उभी होती. साहेबराव डुलत डुलत रस्त्याने गेला आणि कोपऱ्यावर पोचला. तिथे तो थांबला, आणि सावकाश मागे वळला! तोंड बंगल्याकडे!

"परत येऊन राहिला!" रुप्या ओरडला. "नीला, तो परत येऊन राहिला!"

सत्तीने नकारार्थी मान हलवली. बारा वर्षं साहेबरावाला एवढंच ठाऊक होतं. सरळ जायचं, टोक आलं की वळायचं.

धोंडबाने त्याच्या मानेवर हात ठेवला. कानाशी काहीतरी बोलला. मग हळूच त्याला फिरवलं.

पुढच्या कोपऱ्यावर साहेबराव पुन्हा वळला. धोंडबाने त्याला पुन्हा फिरवलं.

त्यापुढचा कोपरा फाटकातून दिसत नव्हता. तरी तिघं तिथेच उभी राहिली.