रिस्तिनला उशीर होतो

तुम्ही खोटं बोललात. रिस्तिन नावाची कुठलीच मुलगी आमच्या वसतिशाळेत नव्हती, असं तुम्ही आग्नेसला तोंडावर सांगितलंत आणि वर कॉफी घेणार का म्हणून विचारलंत. ती बाई स्वीडनहून गाड्या बदलत, सीमा ओलांडून नॉर्वेत तुमच्या शाळाखात्याच्या कचेरीत आली होती. थोरल्या बहिणीचं पुढं काय झालं, एवढंच तिला हवं होतं. तुम्ही तिला वेड्यात काढलंत. आता तिच्या नातीच्या समोर काय घडलं ते ऐका.

नात म्हणजे सिग्ने. स्वीडनमध्ये योटेबोर्गला शिक्षिका व्हायचं शिक्षण घेत होती, आणि एका सत्रासाठी नॉर्वेतल्या शाळा बघायला निघालेल्या विद्यार्थ्यांत तिनं नाव घातलं होतं. ऑस्लोत त्यांनी जुनी जहाजं पाहिली, पश्चिमेला डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या फाट्यांत, फ्योर्डांत, बोटीनं फिरले, बूट दारात काढून शाळाशाळांतून नुसत्या मोज्यांनी हिंडले. बरोबरचा येप्पे डेन्मार्कचा. स्वीडिश लोकांना हसायलासुद्धा आधी बैठक घ्यावी लागते, असं म्हणून तो तिला दिवसभर डिवचायचा. ती म्हणायची, तू आधी लोकांना कळेल असं बोलायला शीक.

तिचं मन मात्र शेवटच्या मुक्कामाकडं, रिस्तिनच्या वसतिशाळेच्या गावाकडं होतं. निघण्याआधी ती वृद्धाश्रमात आजीला भेटून आली होती. आग्नेसच्या डोक्यातून रोज एखादं नाव गळत होतं, आणि हे तिचं तिलाही कळत होतं. "ताई कुठं गेली ते मला लवकर कळू दे," ती म्हणाली होती. "नंतर मी विचारायचंसुद्धा विसरेन."

गोष्ट एवढीशीच होती. रिस्तिन शाळेच्या वयाची झाली म्हणून तिला उत्तरेच्या पठारावरच्या वसतिशाळेत नेलं. वसंतात बाकीची पोरं घरी आली, ती आली नाही. आईबापांनी विचारलं, त्यांना दारातून परत पाठवलं. मग ते धाकट्या आग्नेसला उचलून स्वीडनला निघून गेले. तिथं आग्नेसनं आपली सामी भाषा, त्या उत्तरेच्या मूळ रहिवाशांची, गिळली ती गिळलीच. घरात त्या भाषेचा एक शब्द कुणी ऐकला नाही. ताईचा योइक, म्हणजे तिचा स्वतःचा सूर, आईनं बांधला होता, इतकंच ती एकदा बोलून गेली होती.

नोव्हेंबर संपत आला होता. पठारावर सूर्य उगवायचा बंद झालेला. दुपारीदेखील बर्फावर निळा उजेड. शाळा नवी, काचेची, उबदार. तिला चिकटून जुनी लाकडी वसतिशाळा. आता तिथं चामड्याचं आणि शिंगाचं काम शिकवतात. दोन्हींच्या मध्ये एकच दार, आणि त्याची कडी सिग्नेच्या डोक्याच्याही वर. इतकी उंच का, तिनं विचारलं. पोरांचा हात पोचू नये म्हणून, असं बेरित म्हणाली आणि पुढं चालू लागली. बेरित तिथली शिक्षिका, त्याच गावची सामी बाई.

येप्पेनं वर्गाला डॅनिशमध्ये नमस्कार केला तर पोरं खिदळली; डॅनिश लोक तोंडात बटाटा धरून बोलतात, अशी इकडं जुनी थट्टा आहे. "आधी तोंडातला बटाटा गिळ, मग बोल," एक जण म्हणाला. येप्पेनं खरोखरच गिळल्यासारखं केलं आणि वर्ग त्याचा झाला.

मग पोरांनी आपला खेळ दाखवला. इकडं मूल जन्मलं की घरचं कुणीतरी त्याला त्याचा सूर बांधून देतं. तोच योइक. शब्द जवळजवळ नसतातच. त्याला गाणं म्हटलेलं बेरितला आवडलं नाही. गाणं माणसाबद्दल असतं, योइक म्हणजे तो माणूसच, असं तिचं म्हणणं. तो काढला की त्या माणसाला बोलावलं. खेळही तसाच: एकानं सूर काढायचा, ज्याचा असेल त्यानं उठून पुढं यायचं. येप्पेलाही त्यांनी जागच्या जागी एक बांधून दिला, घशात अडकत अडकत जाणारा. तो त्या सुरासारखाच लंगडत पुढं आला आणि बाकं हसून हलली.

मग पुढचा दात पडलेली इंगा उभी राहिली. तिनं एक सूर काढला. तो चढत गेला, वळला, आणि बंद पडला. दम लागल्यासारखा नाही. कुणी मागून तोंडावर हात दाबावा तसा.

कुणीच उठलं नाही.

सिग्नेनं विचारलं, कुणाचा हा? इंगानं वर्गातल्या त्या उंच कडीच्या दाराकडं बोट केलं. "तिचा."

"ती कोण?"

"माहीत नाही. तिला उशीर होतो."

दारापर्यंत येते आणि परत जाते, असं मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला. जेवणाला काय आहे हे सांगावं, तसं.

सिग्नेनं बेरितकडं पाहिलं. बेरित म्हणाली, ती स्वतः याच गावच्या शाळेत शिकली, तेव्हाही सगळ्या पोरांना तो येत होता. शिकवला कुणी नाही. गावातल्या म्हाताऱ्यांनाही तो कुणाचा ते सांगता येत नाही. "योइक गोल फिरतो, बाई. त्याला शेवट नसतो. म्हणणारा दमला की थांबतो. हा थांबत नाही, तुटतो. पुढचं कुणाला येतच नाही."

सिग्नेचं डोकं ठिकाणावर होतं. मोठ्या पोरांचे खेळ धाकटी उचलतात, सगळ्या शाळांत हेच चालतं, यावर तिनं निबंध लिहिला होता. पण कुतूहल काही गप्प बसेना. आजीची कॉफीची वेळ झालीच होती. तिनं व्हिडिओवर फोन लावला. आश्रमातल्या मुलीनं तो आग्नेसच्या तोंडासमोर धरला. आजीला पोरं दिसावीत म्हणून सिग्ने वर्गाकडं पाठ करून उभी राहिली आणि इंगाला म्हणाली, पुन्हा काढ.

इंगानं काढला. सगळा वर्ग तिच्यात मिसळला. सूर चढला, वळला, तुटला.

आणि तुटला तिथून आग्नेसनं उचलला.

आवाज वाळल्या गवतासारखा. पण चुकत नव्हता. सूर उतरला, मागं फिरला आणि इंगानं सुरुवात केली होती तिथं येऊन मिळाला. पोरांना आश्चर्य वाटलं नाही. त्यांनी तो एका ऐकण्यात घेतला आणि आग्नेसबरोबर पुन्हा फिरवला. आता पुरा, गोल.

बेरित उठली. हात उंच करून तिनं कडी काढली.

सिग्नेनं वळून पाहिलं. दारापलीकडं चामड्याच्या गुंडाळ्या, शिंगं, एक लांब टेबल. माणूस नव्हतं.

सूर थांबला. या वेळी तुटला नाही.

इंगा बाकावर सरकली. तिच्या शेजारचा मुलगा दुसरीकडं सरकला. मध्ये एका लहान अंगाएवढी जागा झाली.

येप्पे हसायला गेला. त्याला जमलं नाही.

सिग्नेनं फोनकडं पाहिलं. आजी तिच्याकडं बघत नव्हती. तिच्या खांद्यावरनं मागं बघत होती, बाकाकडं.

मग आग्नेस बोलली. गिळलेल्या त्या भाषेत, आणि लाडात आलेल्या चार वर्षांच्या पोरीच्या आवाजात. सिग्नेला एक अक्षर कळलं नाही.

"काय म्हणाली?" तिनं बेरितला विचारलं.



"म्हणते, ताई, तुझे केस कोणी कापले?"



आग्नेस आता सिग्नेलाही ओळखत नाही. पण रोज कॉफीच्या वेळी समोरच्या रिकाम्या खुर्चीला तेवढंच विचारते. रिस्तिन बोलत नाही, वसतिशाळेत तिला तिच्या भाषेत बोलायची बंदी तुम्हीच घातली होती. तेव्हा उत्तर तुम्ही द्या, आणि म्हातारी जिवंत आहे तोवर द्या. रिस्तिनचे केस कोणी कापले? आणि त्यानंतर तिचं काय केलंत?