तेराशे फोटोंतली भागाआत्या

"थांबा नाना! कार्ड पुसू नका!"

दिपमाला ओरडतच धुळ्याच्या त्या स्टुडिओत घुसली. मागोमाग तिची चुलत भावंडं, बादल आणि हेमलता.

फोटोग्राफर बन्सीलालनाना वैतागले. "बठ्ठं खराब शे, बेटा! एक बी फाइल कॉम्प्युटरवर उघडत नही. उद्या माले दुसरं लगीन शे."

महिन्यापूर्वी दिपमालाच्या ताईचं लग्न झालं आणि दहा दिवसांपूर्वी भागाआत्या गेली. दिपमालाला लहानाचं मोठं केलं ते या आत्यानं. परवा तिची गंधमुक्ती, तेराव्याचा विधी, आणि हार घालायला धड फोटो नाही! आधारकार्डावरचा मोठा केला, तर नाकाडोळ्यांचा पत्ताच लागेना. आता सगळी भिस्त नानांनी काढलेल्या लग्नाच्या फोटोंवर.

बादलनं नानांच्या हातातला कॅमेरा घेऊन बटण दाबलं. "अरेच्चा! इथे तर सगळे दिसतायत!"

"म्हणजे कार्ड धडधाकट आहे!" हेमलता म्हणाली. "नाना, कॅमेरा कधी घेतला?"

"औंदा आखाजीना सणले. नवा कोरा!"

"आणि कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर?"

"दहा वरीस जुनं. मस्त चालस!"

"कसलं मस्त! नव्या कॅमेऱ्याच्या नव्या धर्तीच्या फाइली त्याला ओळखताच येत नाहीत. आणि तुम्ही कार्ड पुसायला निघालात!"

हेमलतानं आधी सगळं कार्ड आपल्या लॅपटॉपवर उतरवलं, मग कॅमेऱ्याच्या कंपनीचंच सॉफ्टवेअर घेतलं. अर्ध्या तासानं पहिला फोटो उघडला आणि तिघांनी एकच गलका केला!

पण हळद झाली, मांडव झाला, पंगती झाल्या, तरी आत्या कुठेच नाही. तेराशे फोटोंत ती सापडली एकदाच. हळदीची वाटी घेऊन हसत पुढे येणारी, आणि तिला अडवायला छातीपुढे आडवा धरलेला आबांचा हात. तिच्या सख्ख्या बापाचा!

"विधवा ना ती," नाना खाली मान घालून म्हणाले. "आबांनीच सांगेल व्हतं, तिले फोटोमा लेऊ नको."

दिपमालाला संतापानं रडू फुटलं. आबांनी आपल्याला अडवलं, हे आत्यानं घरी कुणाला कधी सांगितलंच नव्हतं.

"शाबास पोरांनो!" संध्याकाळी आबा कौतुकानं म्हणाले. मग फोटोकडे बघत हळूच पुटपुटले, "तेवढा हात काढून टाका."

"नाही काढणार," दिपमाला म्हणाली. आबांना उलट बोलायची तिची ही पहिलीच वेळ.

गंधमुक्तीला पाहुणे पोरांच्या हुशारीचे गोडवे गात होते. दिपमालाला ते ऐकवत नव्हतं. आबा हार घेऊन उठले. फोटोतल्या लेकीपर्यंत पोचायला त्यांना आधी स्वतःच्याच हातावर हार घालावा लागला.