दहावं विमान

"मिस ओडेट, तुम्ही कधी कुणावर जळलात का? म्हणजे अगदी पोटातून?"

लिबी व्होंड्रानं एका दमात विचारून टाकलं आणि टेबलावरच्या कागदांत डोकं खुपसलं. काल तलावावर मैत्रिणींनी पैज लावली होती. वेल्डन क्रीकचा शेरीफसुद्धा ज्या बाईसमोर टोपी काढून उभा राहतो, तिला हे विचारून दाखव. नाही जमलं तर आमच्या तिघींच्या कुत्र्यांना तू अंघोळ घालायची.

मिस ओडेट हृस्कांनी शांतपणे कॉफीचा कप खाली ठेवला. वय बाहत्तर, त्यातली चाळीस वर्षं कोसळलेल्या विमानांचे तुकडे तपासण्यात गेलेली. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वयंपाकघरातच खासगी तपासाचं काम थाटलं होतं. या सुट्टीत त्यांची पत्रं टाइप करायला लिबी रोज सकाळी सातला यायची.

"जळले की. धाकट्या बहिणीवर, बावीस वर्षं. आणि तू?"

"मी? छे, मी कशाला कुणावर जळू?"

"ब्रिन सेडलाचेकवर. तिचं नाव निघालं की तू टाइप करत नाहीस, बटणं बडवतेस."

लिबीचे कान तापले. ब्रिन तिच्याच वर्गातली. एप्रिलपासून ती गावच्या विमानतळावर शिष्यवृत्तीवर विमान चालवायला शिकत होती आणि आज दुपारी पहिल्यांदा एकटी उडणार होती. लिबीनं शिष्यवृत्तीचा अर्ज भरलाच नव्हता. नाव निघालं नाही तर काय तोंड दाखवायचं, म्हणून. उलट सगळ्या गावाला ती सांगत सुटली होती, की विमान म्हणजे काय, वरून मकाच मका बघायचा.

ती काही बोलणार, तेवढ्यात मागचं दार धाडकन उघडलं. ड्वेन पोकॉर्नी आत आला. हा विमानतळाचा व्यवस्थापक. म्हणजे इंधन तोच भरायचा, गवत तोच कापायचा, आणि नगर परिषदेच्या शिव्याही तोच खायचा.

"ओडेट, आर्लोचं पिवळं विमान गेलं. कुलूप जागेवर, हँगर रिकामं."

"बस आधी. कधी पाहिलंस?"

"आत्ता, पावणेसातला. काल संध्याकाळी होतं." ड्वेन खुर्चीच्या कडेवर टेकला. "आणि राज्याच्या राजधानीतून, लिंकनहून, तपासनीस बाई येतायत दहाला. यायच्या होत्या शुक्रवारी, पण काल रात्री मला फोन करून आजवर आणलं. मी अजून कुणाला सांगितलंही नाही. दहा विमानं मुक्कामाला दिसली तरच केंद्राच्या यादीत आपलं नाव राहतं. माझ्याकडे मोजून दहा. आता नऊ."

"आणि नाव गेलं तर?" लिबीनं विचारलं.

"तर धावपट्टीच्या दुरुस्तीला केंद्राकडून एक सेंट मिळणार नाही. परिषदेत अर्धे लोक वाटच बघतायत जागा विकायची. दोन वर्षांत तिथं गुदामं उभी राहतील." त्यानं कपाळ चोळलं. "अकरा वर्षं घातली मी तिथं. दिवे मी बदलले. गेल्या सप्टेंबरात गुडघ्यांवर बसून धावपट्टीवरचा दिशेचा आकडा, सोळा, खोडून सतरा मी रंगवला. होकायंत्राची उत्तर सरकते म्हणतात, म्हणून आकडा बदलायचा. उत्तर सरकली तसूभर, माझी कंबर सरकली चांगली वीतभर."

मिस ओडेट उठल्या. "किल्ल्या कुणाकडे?"

"माझ्याकडे, आर्लोकडे, आणि सरावासाठी एक ब्रिनकडे."

ब्रिन. लिबीच्या पोटात काहीतरी लख्ख उजळलं, आणि ते काही चांगलं नव्हतं.

*

विमानतळ कुंपणापलीकडेच होता. गवतावर दव इतकं दाट होतं, की चालताना लिबीचे बूट चिंब झाले.

"हिला उतरवता येत नसेल," ती भरभर बोलत होती. "आज एकटीनं उडायचं म्हटल्यावर फाटली असेल. मग काय, दिलं विमान लपवून. मी सांगते मिस ओडेट, हीच ती."

"पुरावा?"

"किल्ली."

"किल्ल्या तिघांकडे आहेत. तुला तिच्याकडचीच तेवढी आवडते."

रिकाम्या हँगरसमोर मिस ओडेट थांबल्या. "ड्वेन, हे विमान सुरू कसं होतं?"

"हातानं पंखा फिरवून. जुनं आहे ना. सुरू झालं की अर्धं गाव जागं होतं."

"आज कुणी जागं झालं?"

"नाही. मी स्वतः पाचपासून शेजारच्या घरात जागा होतो. शेतांवरचे ट्रॅक्टर सोडले तर इंजिनाचा आवाज आलेला नाही."

"फाटकातून ओढत नेलं असेल?"

"फाटक बारा फुटी. पंख पस्तीस फुटी."

"मग ते कुंपणाच्या आतच आहे," मिस ओडेट म्हणाल्या. "तू कुठं कुठं पाहिलंस?"

"अलीकडची सगळी हँगरं. पलीकडं काय, एक जुनं हँगर, त्यात बर्फ काढायचं यंत्र. जूनमध्ये तिकडं कोण फिरकतंय."

मिस ओडेटांनी धावपट्टीपलीकडच्या पत्र्याच्या छपराकडे नुसतं पाहिलं. "ठीक. तिकडे नंतर जाऊ. कुणी ठेवलं ते आधी कळू दे. नाहीतर उद्या पुन्हा जाईल."

*

ब्रिन कार्यालयाच्या पायरीवर बसली होती. डोळे लाल. मांडीवर घरून आणलेल्या जर्दाळू भरलेल्या गोड पावांचा, कोलाचेंचा, डबा, न उघडलेला. दुपारी सगळ्यांना वाटायला आणला असणार.

"मी काल पाचला कुलूप लावलं," ती म्हणाली. "किल्ली गळ्यातच आहे. झोपतानाही काढत नाही, हसू नका."

"कुणी हसत नाहीये," लिबी हसत म्हणाली.

"तू तर बोलूच नकोस, लिबी. सगळ्या शाळेला सांगत फिरतेस, मी वरून मका मोजते म्हणून."

"मग काय मोजतेस, गहू?"

"मुलींनो," मिस ओडेट म्हणाल्या. "ब्रिन, आज उडायची भीती वाटत होती?"

"भीती?" ब्रिननं त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू कुणी जेवायची भीती वाटते का असं विचारलं होतं. "मी चार वाजल्यापासून कपडे घालून बसलेय. सोमवारी मी विमान इतकं अलगद उतरवलं, की उडायला शिकवणाऱ्या शिक्षिकेनं विचारलं, चाकं टेकली का? आर्लो आजोबा कुंपणाशी उभे होते, त्यांनी पाहिलंय. विचारा त्यांना."

आर्लो बेनेश आत खिडकीपाशी बसला होता. हाडकुळा, ऐंशीचा, टोपी गुडघ्यावर.

"तुमचं विमान गेलं, आर्लो. तुम्ही शेरीफला फोन नाही केला?"

"ड्वेन करेल की." तो बाहेरच पाहत होता. "माझं कसलं विमान आता. गेल्या वर्षी मे महिन्यात डॉक्टरांनी हृदयाच्या शिरेत नळी बसवली आणि म्हणाले, आर्लो, खाली राहा. तेव्हापासून त्यात बसलो नाही. रेडिओला हात लावला नाही. पोरीला शिकायला दिलं, हँगरचं भाडं वाचतं म्हणून."

"सकाळी कुठं होता?"

"घरी. एकट्या माणसाला साक्षीदार कुठला?"

"तपासनीस बाई आज येतायत, ठाऊक आहे?"

आर्लोची टोपी खाली पडली. "आज? शुक्रवारी ना?"

"आज दहाला."

त्यानं वाकून टोपी उचलली. ती उचलायला त्याला फार वेळ लागला.

*

बाहेर आल्यावर मिस ओडेट लिबीकडे वळल्या. "तुझं घर धावपट्टीच्या टोकाला. सकाळी काही पाहिलंस, ऐकलंस?"

"नाही."

"लिबी."

लिबीनं बुटानं गवत उकरलं. हे सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं. "माझ्याकडे एक हातातला रेडिओ आहे. सातवीत असताना अडगळीच्या विक्रीतून घेतलेला. त्यावर विमानतळावरचं बोलणं ऐकू येतं. रोज पहाटे दात घासताना ऐकते, चार वर्षं झाली. कुणाला सांगू नका."

मिस ओडेटांनी भुवईसुद्धा हलवली नाही. "आज काय ऐकलंस?"

"विमान एकही नाही. सव्वापाचला फक्त गवताचा ट्रॅक्टर. 'वेल्डन क्रीक, गवताचा ट्रॅक्टर सोळा ओलांडतोय, वेल्डन क्रीक.' मिस्टर पोकॉर्नी रोजच बोलतात तसं. आवाज खरखरत होता, पण तेच असणार. ट्रॅक्टरवर रेडिओ आहे ना."

"अगदी हेच शब्द?"

"अगदी हेच. पाठ आहेत मला."

मिस ओडेट पहिल्यांदाच हसल्या. "या वर्षातली सगळ्यात चांगली साक्ष दिलीस, आणि ती काय आहे हे तुलाच कळलं नाही. सगळ्यांना बाहेर बोलाव."

*

साडेनऊ झाले होते. वाऱ्याची दिशा दाखवणारी नारिंगी पिशवी उत्तरेकडे फडफडत होती. वारा दक्षिणेचा, चांगला.

"विमान पलीकडच्या हँगरात आहे," मिस ओडेट म्हणाल्या. "इंजिन वाजलं नाही, फाटकातून मावलं नसतं, म्हणजे ओढून नेलं. सव्वापाचला ट्रॅक्टर धावपट्टी ओलांडून गेला. ड्वेन, आज गवत कापलंस?"

"या दवात? यंत्र गुदमरेल. ट्रॅक्टरची किल्ली कार्यालयात खिळ्यावर असते, कुणीही घेईल."

"म्हणजे गवताचं नाव पुढं करून कुणीतरी विमान ओढलं. आता गंमत बघा. लपूनछपून काम करणाऱ्यानं रेडिओवर बोलायचं कशाला? गप जायचं. पण इथं विमानांना सूचना देणारा मनोरा नाही. धावपट्टीवर पाऊल टाकण्याआधी जो तो स्वतःच सांगतो, नाहीतर वरून कुणी उतरत असलं तर माणूस मरतो. ही सवय ज्याच्या हाडात आहे, तो चोरी करतानाही बोलतो. म्हणजे आपला माणूस वैमानिक आहे, आणि चांगला आहे."

सगळ्यांचे डोळे ब्रिनकडे गेले. लिबीचेही.

"लिबीनं ते ऐकलं. तो म्हणाला, सोळा ओलांडतोय."

ड्वेननं झटकन मान वर केली. "सोळा कुठला? सप्टेंबरपासून सतरा आहे."

"तू स्वतः रंगवलास, तू चुकणार नाहीस. ब्रिन एप्रिलमध्ये आली. तिच्या लेखी इथं सोळा कधी नव्हताच. लिबीला खटकलं नाही, कारण ती चार वर्षं ऐकतेय, दोन्ही आकडे तिच्या कानात बसलेत. हे बोलणारा असा हवा, ज्यानं आयुष्यभर सोळा म्हटलं आणि सप्टेंबरनंतर रेडिओला हात लावला नाही." मिस ओडेट वळल्या. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "आर्लो, या वाऱ्यात तुम्ही कुठल्या बाजूनं उतराल?"

आर्लोनं पिशवीकडे पाहिलं. "सोळा," तो म्हणाला, आणि मग त्याचं त्यालाच कळलं.

त्यानं टोपी हातात घेतली.

"मोडलं नाही मी त्याला," तो म्हणाला. "चादर घातलीय वरून. मोजणी शुक्रवारी होती. मी गुरुवारी परत आणून ठेवणार होतो. ड्वेन, तुझ्या विमानतळाच्या मुळावर मी उठलो नव्हतो."

"मग का, आर्लो आजोबा?" ब्रिनचा आवाज चिरकला.

"तू सोमवारी उतरवलंस ना, म्हणून. चाळीस वर्षं मी ते विमान धपाधप आपटत उतरवलं. माझी बायको म्हणायची, उतरलास की पडलास? आणि तू दोन महिन्यांत..." त्यानं हात हवेत सपाट फिरवला, पाण्यावरून फिरवावा तसा. "मला वाटलं, आज ही एकटी त्यात बसली की ते माझं राहणारच नाही. दोन दिवस तरी राहू दे. एवढंच. लाज वाटते सांगायला."

लिबी जमिनीकडे पाहत होती. तिला आर्लोचा राग यायला हवा होता. पण तो बोलत होता ते तिच्याच पोटातलं होतं, शब्दन् शब्द. तिनं विमान लपवलं नव्हतं, एवढाच काय तो फरक. ब्रिन चोर निघावी म्हणून सकाळभर ती देवाला विनवत होती, ते तरी काय वेगळं होतं?

"दहाला वीस मिनिटं आहेत," मिस ओडेट म्हणाल्या. "ट्रॅक्टर कोण काढतंय?"

सगळे धावले. लिबी शेपटाला दोर बांधत होती आणि दुसरं टोक ब्रिननं धरलं होतं.

"सॉरी," लिबी पुटपुटली. "मक्याबद्दल."

"गाठ घट्ट मार आधी," ब्रिन म्हणाली.

तपासनीस बाई आल्या, वही घेऊन फिरल्या, दहा विमानं मोजली, दोन कोलाचे खाल्ले आणि गेल्या. ड्वेन इंधनाच्या टाकीमागे जाऊन बराच वेळ नाक शिंकरत होता.

दुपारी ब्रिन उडाली. तीन फेऱ्या, तीनदा अलगद. पहिल्यांदा एकट्यानं उडालेल्याचा शर्ट पाठीमागून कापून भिंतीवर टांगायचा असतो, आणि ते काम शिक्षिकेचं. शिक्षिकेनं कात्री आर्लोच्या हातात दिली. त्यानं कापड वेडंवाकडं कापलं. ब्रिन हसत होती, रडत होती. लिबीनं टाळ्या वाजवल्या. मत्सर तोच जुना होता, पण या वेळी तिनं तो दाबला नाही. ती सरळ ड्वेनकडे गेली आणि त्याच्याशी दहा मिनिटं बोलली.

*

रात्री जेवायला डुकराचं मांस आणि आंबवलेल्या कोबीचं सावरक्राउट होतं. डॅड मक्याच्या भावाबद्दल बोलत होते. मॉम त्यांना मीठ देत नव्हती.

"मॉम, डॅड, मला एक सांगायचंय. मध्ये बोलू नका, नाहीतर माझा धीर सुटेल."

मॉमनं मिठाची बाटली खाली ठेवली.

"मी सॉफ्टबॉल सोडतेय. सोमवारपासून रोज दुपारी विमानतळाचं गवत मी कापणार, इंधनही भरणार. त्याच्या बदल्यात मला उडायचे धडे मिळणार, मिस्टर पोकॉर्नींशी बोलून झालंय. जमिनीवरचं सगळं आर्लो बेनेश शिकवणार, तेही तयार आहेत. तुमची सही लागेल, कागद फ्रीजवर लावलाय." तिनं श्वास घेतला. "ब्रिन माझ्या दोन महिने पुढं आहे, आणि मला ते अजिबात सहन होत नाही. म्हणून मी शिकणार आहे."