त्वचेवरचा श्रीरंग

कोल्हापूरबाहेरच्या त्वचा संशोधन संस्थेत रोज सर्वांत आधी येत असे ती डॉ. शर्मिष्ठा पाटणकर. वय एकसष्ट. यंत्राने मोजलेलं तिचं त्वचावय मात्र एकोणचाळीस. त्वचा तरुण करणारा ‘सजीव लेप’ तिनेच शोधला होता, आणि गेलं वर्षभर त्याचे नियम तिच्याइतके काटेकोरपणे कुणी पाळले नव्हते. सकाळ-संध्याकाळ जंतुनाशक साबणाने अंघोळ, मग लेप, दर वेळी धुतलेला टॉवेल, भर उन्हात बाहेर पडायचं नाही, दहाला झोप. आणि दुसऱ्याच्या अंगाला हात लावायचा झाला तर हातमोजे. हा शेवटचा नियम पाळणं तिला मुळीच जड गेलं नाही. नवरा श्रीरंग जाऊन पाच वर्षं झाली होती. घरात हात लावायला होतं कोण?

त्या दिवशी वर्षाचा अहवाल तयार होत होता. तिचा सहकारी डॉ. फैयाज मुजावर पडद्यावरच्या नोंदी पुन्हा पुन्हा तपासत होता.

“मॅडम, लेप सुरू करण्याआधीचा तुमचा नमुना बघताय ना? त्यात दोन ठसे आहेत.”

“दोन कसे असतील?”

“प्रत्येकाच्या त्वचेवर त्याचे स्वतःचे सूक्ष्मजीव असतात, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. एका घरात राहणाऱ्यांचे एकमेकांत मिसळतात. यातला एक ठसा तुमचा. दुसरा मी संग्रहातल्या नोंदींशी ताडून पाहिला.” त्याने पडदा तिच्याकडे वळवला. “सरांचा आहे. त्यांनी स्वयंसेवक म्हणून नमुना दिला होता.”

शर्मिष्ठा उभीच राहिली. श्रीरंग गेल्यावर चार वर्षांनी घेतलेला तो नमुना. चार वर्षं ती त्याला अंगावर घेऊन वावरत होती आणि तिला पत्ताही नव्हता.

“आणि आताच्या नमुन्यात?” तिने विचारलं. उत्तर तिला ठाऊक होतं.

“आता फक्त लेपातले. जुने सगळे हटवून तिथे नवे वसवायचे, तेव्हाच त्वचा तरुण होते. लेपाचं तत्त्वच ते.”

“जुना नमुना गोठवलेला असेल ना?”

“ठसा वाचायचा तर पेशी फोडाव्या लागतात, मॅडम. उरली आहे ती नुसती नोंद.”

ती खिडकीपाशी गेली. आपल्याच हातांनी, दिवसातून दोनदा, घासून घासून. मग तिच्यातली शास्त्रज्ञ जागी झाली.

“फैयाज, हे जुळत नाही. दुसऱ्या माणसाचे जंतू एकट्या राहणाऱ्याच्या त्वचेवर सहा-सात महिन्यांपलीकडे टिकत नाहीत. त्यांची देवाणघेवाण चालू राहावी लागते. मग ते चार वर्षं कसे टिकले?”

“कुणीतरी ते तुम्हाला देत होतं. लेपाआधी तुम्ही नेमाने कुणाला हात लावत होता?”

“सासूबाईंना. पन्हाळ्याच्या वाटेवरच्या वृद्धाश्रमात असतात. दर रविवारी पायांना तेल चोळायचे.” ती थबकली. “बाळाला पहिले जंतू आईकडूनच मिळतात.”

“म्हणजे सरांचा ठसा मुळात त्यांचाच.”

लेप सुरू झाल्यावर तिने हातमोजे घालून दोन रविवार सासूबाईंना तेल लावून पाहिलं होतं. सुमतीबाई म्हणाल्या होत्या, “राहू दे गं, रबराचा वास येतो.” मग तिचं जाणंच कमी होत गेलं. आता सहा महिने ती तिकडे फिरकली नव्हती.

नमुना घ्यायची पेटी घेऊन ती तडक निघाली. घाटात तिने मनाशी ठरवूनही टाकलं: लेप बंद, पुन्हा दर रविवारी उघड्या हातांनी तेल. सुरकुत्या येतील तर येवोत.

सुमतीबाई व्हरांड्यात खुर्चीवर बसल्या होत्या. वय सत्त्याऐंशी. शर्मिष्ठा पायरीवरच थांबली. म्हातारीचे गाल तुकतुकीत दिसत होते आणि हातांवरचे काळे डाग नाहीसे झाले होते.

“अहो, तुमचाच लेप!” आश्रमातली सेविका कौतुकाने म्हणाली. “दुकानात मिळतो ना आता. पाच महिने झाले. रोज दोनदा साबण, मग लेप. सगळ्या आज्ज्यांना लावतो. एक दिवस खंड नाही.”

शर्मिष्ठाने तरीही नमुने घेतले. मानेवरून, काखेतून, बोटांच्या बेचक्यांतून. सोबतच्या छोट्या यंत्राला दहा मिनिटं लागली. प्रत्येक नमुन्यात एकच ठसा होता, लेपाचा. तिच्या अंगावर होता तोच.

“काय गं, काही आजार निघाला का?”

“नाही, आई. त्वचा एकदम छान आहे.”

“आहेच मुळी.” सुमतीबाईंनी स्वतःचा हात उन्हात धरून उलटसुलट पाहिला. “पण श्रीरंग आला तर ओळखायचा नाही मला.”

शर्मिष्ठाने खोलीतून तेलाची वाटी आणली आणि त्यांच्या पायांशी बसून पाऊल मांडीवर घेतलं. दोघींची कातडी सारखीच मऊ होती. ती उघड्या हातांनी चोळत राहिली. आता तिच्याकडून त्यांना किंवा त्यांच्याकडून तिला मिळण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

“जरा जोर लाव,” सुमतीबाई म्हणाल्या.